सिंधुदुर्गचा रफार

मॉनिटर पारखायचा तर मी त्यावर एकच शब्द टाइप करून बघतो: सिंधुदुर्ग. मंगल फॉन्ट, बारा पॉइंट, झूम शंभर टक्के. पहिल्याच अक्षरावर वेलांटी आणि तिला खेटून अनुस्वार, मग ओळीने दोन उकार, शेवटी ‘ग’च्या डोक्यावर रफार. पडद्यावर देवनागरीचा जिथे जिथे कस लागतो, त्यातल्या बहुतेक जागा जिल्ह्याच्या नावातच येऊन बसल्या आहेत. अनुस्वार वेलांटीत मिसळून गोळा झाला, किंवा रफार म्हणजे शिरोरेषेवर पडलेला डाग वाटला, की खोक्यावर काहीही छापलेले असो, त्या मॉनिटरवर दिवसभर मराठीचे काम होणार नाही. ‘रत्नागिरी’त ना अनुस्वार ना उकार, त्यांनी आपली सोय बघावी.

*

बारा पॉइंट म्हणजे पडद्यावर किती? इंचात ७२ पॉइंट. विंडोज शंभर टक्के स्केलवर इंचाला ९६ पिक्सेल धरते. म्हणजे बारा पॉइंटांना सोळा पिक्सेल. या सोळांत इंग्रजी ‘एन’ला उंचीला सात-आठ मिळतात आणि तेवढ्यात त्याचे भागते. मराठीत त्याच सोळांची वाटणी तिघांत: शिरोरेषेच्या वरची मंडळी, मधले अक्षर आणि पायाखालचे उकार. रफाराच्या वाट्याला तीन-चार पिक्सेल येतात. त्यात वळण कसले काढणार?

‘चोवीस इंचाला फुल एचडी पुरे’ वगैरे सल्ले इंग्रजी अक्षर डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. इंग्रजी वाचणाऱ्याला ते खरेही असतात. आपल्याला मात्र उभ्या दिशेने जास्त पिक्सेल लागतात, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही.

*

नुसत्या रिझोल्यूशनच्या आकड्याला अर्थ नाही. तो किती इंचांवर पसरलाय ते बघायचे. काही हिशेब करून ठेवले आहेत. साडेअठरा इंची, १३६६×७६८ (कचेऱ्यांतून अजून हेच दिसतात): इंचाला ८५ पिक्सेल. चोवीस इंची म्हणून विकला जाणारा, खरे तर २३.८ इंची, १९२०×१०८०: ९३. साडेएकवीस इंची तेच: १०२. सत्तावीस इंची तेच: ८२. म्हणजे ‘मोठा घेतला’ म्हणून जो सत्तावीस इंची फुल एचडी आणतो, तो पैसे जास्त मोजून कचेरीतल्या जुन्या मॉनिटरहून भरड अक्षर घरी आणतो. सत्तावीस इंचाला २५६०×१४४० असेल तर १०९. आणि ३८४०×२१६०, म्हणजे फोर-के, असेल तर १६३.

हातातला साडेसहा इंची फोन, १०८०×२४००: इंचाला चारशेच्या वर. कॉलेजातली पोरे म्हणतात, फोनवर मराठी किती स्वच्छ दिसते, कॉम्प्युटरवर असे का? असे म्हणून.

*

निवृत्त गुरुजी. मुलाने पुण्याहून नवा मॉनिटर पाठवलेला. “अक्षरां बारीक दिसतत. जरा मोठी कर.” शेजारच्या पोराने सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १०२४×७६८ वर आणले. अक्षरे मोठी झाली, आडवी फताडीही झाली, आणि सगळ्यांवर धुके.

हे गावोगाव होते. याचे मूळ जुन्या काचेच्या, म्हणजे सीआरटी, मॉनिटरमध्ये आहे. त्यात पिक्सेल असे ठाम बसवलेले नव्हते. इलेक्ट्रॉनचा झोत ६४०×४८० च्या ओळी काढी तसाच १०२४×७६८ च्याही काढी. तिथे रिझोल्यूशन कमी करणे हा अक्षर मोठे करण्याचा रास्त मार्ग होता. एलसीडीत पिक्सेल कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. १९२० ठिपक्यांवर १०२४ ठिपक्यांचे चित्र ताणायचे तर एका ठिपक्याला पावणेदोनहून थोडे जास्त ठिपके येतात. अर्धामुर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून शेजारच्या दोघांत रंग वाटून द्यावा लागतो. ते धुके तेच.

म्हणून रिझोल्यूशन जे ‘रेकमेंडेड’ म्हणून दाखवतात तेच ठेवायचे आणि खालचे स्केल वाढवायचे. १२५ टक्के, १५० टक्के. मग तेच अक्षर जास्त पिक्सेल घेऊन उभे राहते; मोठेही होते आणि रेखीवही. गुरुजींना १५० करून दिले. चाळिशीच्या चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायचे असेल तर मॉनिटरही खाली आणावा लागतो, नाहीतर मान वर करून वाचावे लागते. त्यांनी मॉनिटरखालची लाकडी पेटी काढून टाकली, त्याने जास्त फरक पडला असे त्यांचे म्हणणे.

*

१३६६ हा आकडा आला कुठून? ७६८ ओळी जुन्या १०२४×७६८ मधून तशाच घेतल्या आणि रुंदी सोळास नऊ केली: १३६५.३३. वर ओढून १३६६. आठने भाग जात नाही. जुन्या ग्राफिक्स कार्डांना आठच्या पटीत रुंदी लागे, म्हणून ती १३६० देत आणि चित्र किंचित ताणले जाई. काही मॉनिटरवर अक्षरे उगाच मऊ दिसतात, तेव्हा हे एकदा तपासावे.

*

पावसाळ्यानंतरची हमखास तक्रार: “काल चांगला होता, आज सगळा मोठा मोठा दिसता.” जाऊन बघावे तर रिझोल्यूशन १०२४×७६८, आणि यादीत त्याच्या वरचा आकडाच नाही. माणूस ड्रायव्हर टाकतो, विंडोज पुन्हा टाकतो. आधी केबल काढून बघावी. निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलला पंधरा पिना. त्यातल्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून मॉनिटर कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो: मी अमुक, माझे पिक्सेल इतके. खाऱ्या हवेने त्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला की ओळख पोचत नाही. मग विंडोज अनोळखी पाहुण्याला द्यावे तसे बेताचे काहीतरी देते. स्वस्त केबलीत या पिना कधी कधी मुळातच नसतात. मालवणच्या देवबाग, तारकर्ली, वायरी या पट्ट्यात, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, तिथे व्हीजीएचा नादच सोडावा. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट.

एचडीएमआय घेतानाही एक बघायचे. जुन्या १.४ च्या जोडणीतून फोर-के सेकंदाला तीस चित्रांनीच जाते. माउसचा बाण घसरल्यासारखा चालतो. २.० पासून साठ. मॉनिटरला दोष देण्याआधी हे.

*

ध आणि घ. भ आणि म. छापखान्यात जन्म गेलेल्या माणसालाही पडद्यावर हे चकवतात. ‘ध’ आणि ‘भ’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली, ‘घ’ आणि ‘म’ची अखंड. बारा पॉइंटांना ती फट एखाद-दोन पिक्सेलांची. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याच्या नादात ती फट करडी होते आणि नजर तिला रेष समजते. आमच्याकडे धुरीही आहेत आणि घाडीही. लग्नपत्रिकेत ‘घुरी’ छापून आले तर मांडवात काय होईल ते सांगायला नको. प्रूफ ‘पडद्यावरच बघून घ्या’ म्हणणाऱ्या ऑपरेटरला आधी त्याच्या मॉनिटरचा आकडा विचारावा, नाहीतर प्रिंट मागावी. छोट्या कार्यालयी प्रिंटरवरही इंचाला ६०० ठिपके असतात.

*

क्लियरटाइप. १९९८ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली युक्ती. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी. या तिन्ही स्वतंत्र धरल्या तर आडव्या दिशेने तिप्पट बारकावा मिळतो. इंग्रजीत ओळीतली बहुतेक रेघ उभी, म्हणून तिथे जादू झाली.

आपल्याकडे काय झाले? काना सुधारला, ‘ग’चा दांडा सुधारला. पण शिरोरेषा आडवी आणि आपली गर्दी तिच्या वर-खाली, आणि उभ्या दिशेने या युक्तीत सुरुवातीला काहीच नव्हते. विंडोज ७ बरोबर आलेल्या डायरेक्टराइटमध्ये उभ्या दिशेलाही कडा मऊ करण्याची सोय झाली, पण ती जो प्रोग्राम वापरेल त्यालाच. म्हणजे ब्राउझरमध्ये मराठी बरी आणि जुन्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये तीच मराठी करवतलेली, हा अनुभव येतो तो एकाच मॉनिटरवर. मॉनिटर बदलून तो जाणार नाही असे वाटते, पण प्रोग्रामला स्केल कळत असेल तर जातो: इंचाला दीडशेच्या पुढे पिक्सेल असले आणि स्केल वाढवले, की कुठल्या युक्तीची गरजच फारशी उरत नाही.

मॉनिटर उभा फिरवून वापरणाऱ्यांसाठी: रंगांच्या पट्ट्याही आडव्या होतात, क्लियरटाइपचा हिशेब चुकतो. बंद करून बघा.

*

मंगल फॉन्ट रघुनाथ कृष्ण जोशींचा, म्हणजे र. कृ. जोशींचा. विंडोज २००० पासून तो घरोघर आला. त्याला आज नावे ठेवणे सोपे आहे, रुक्ष आहे, सरकारी आहे. पण तो भरड पडद्यांच्या काळातला आहे आणि त्या पडद्यांवर वाचता येत होता. विंडोज ८ पासून निर्मला आला. एक टाइपचा मुक्ता, गूगलचा नोटो हे त्यानंतरच्या बारीक पडद्यांच्या काळातले. स्वस्त मॉनिटर बदलणे परवडत नसेल तर आधी फॉन्ट बदलून बघावा. तो फुकट आहे.

*

यंत्राला अक्षर झेपत नाही, तेव्हा यंत्र सुधारायचे की अक्षर? आपल्याकडे बराच काळ अक्षरच सुधारायला निघाले. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते (मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ रोजी). त्यांची अ-ची बाराखडी, अि, अी, अु, मुद्रणाचे खिळे कमी व्हावेत म्हणूनही होती. १९५३ साली लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व वेलांटीच उजवीकडे नेण्याचा विचार झाला. ते टिकले नाही. पुढे १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि मग पुण्याच्या सी-डॅककडे आलेले जिस्टचे, म्हणजे संगणकावर भारतीय लिप्या उमटवण्याचे, काम मात्र उलट्या बाजूचे. काळ्या डॉस पडद्यावर ८० रकाने, २५ ओळी, एकेका चौकटीत मोजके ठिपके. त्यात कार्ड बसवून जोडाक्षरे उमटवली. ती दिसायला कशी होती ते सोडा. लिपीतले काही कापले नाही, हे मला मोठे वाटते. आज ८३ लाख पिक्सेलांचा पडदा टेबलावर असताना रफार दिसत नाही म्हणून कोणी तो काढून टाका म्हणणार नाही. म्हणून त्या माणसांची आठवण.

*

कालनिर्णय. जयंतराव साळगावकर मूळ मालवणचे, जन्म १९२९. पहिले कालनिर्णय १९७३चे. भिंतीवरचे ते पान नीट बघा. तारखेचा आकडा चुलीपाशी बसून दिसतो. तिथी बघायला दोन पावले पुढे यावे लागते. भरतीची वा नक्षत्राची ओळ वाचायला अगदी जवळ, चष्मा लावून. कोणत्या अंतरावरून कोण काय वाचणार याचा विचार करून अक्षरांचे आकार ठरवलेले. मॉनिटर घेताना हाच विचार उलट्या बाजूने करायचा: मी किती लांब बसणार?

निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंत दोन ठिपके वेगळे ओळखतो. त्यावरून हाताशी ठेवायला हिशेब: अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या आणि ८७०० ला त्याने भागा. जो आकडा येईल तितके पिक्सेल इंचाला असले की ठिपका दिसेनासा होतो. टेबलावर ६० सेंमी: १४५. म्हणजे चोवीस इंची फुल एचडीचे ९३ कमीच, आणि सत्तावीस इंची फोर-केचे १६३ पुरून उरतात. अडीच मीटरवरचा टीव्ही: फक्त ३५. त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्हीचे ५१ असतात, म्हणजे तिथे फोर-केसाठी धडपडण्याचे कारण नाही. हा तर्क दुकानात सांगून बघा, तिथले लोक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

*

आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना शुभेच्छांचे फ्लेक्स. दहा फूट रुंदीचा फ्लेक्स, त्यावर व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो, रुंदीला साधारण १६०० पिक्सेल. इंचाला तेरा. वरच्याच हिशेबाने पावणेसात मीटरच्या पलीकडून तो स्वच्छ दिसतो. एसटीतून जाणाऱ्याला नेत्याच्या मिशीचा केस न् केस दिसतो, आणि त्याच फ्लेक्सखाली उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला नुसते चौकोन. “तीनशे डीपीआयशिवाय छापणार नाही” म्हणणारा फ्लेक्सवाला अजून भेटलेला नाही, तो शहाणाच आहे.

तोच फोटो लग्नपत्रिकेवर चार इंच रुंद छापला तरी इंचाला चारशे पडतात, बिनघोर छापावा. मुले परीक्षेच्या फॉर्मसाठी २००×२३० पिक्सेलांचा फोटो करून आणतात, २० ते ५० केबीत बसवलेला, आणि मग तोच पत्रिकेला देतात. तो टपाल तिकिटाएवढाच शोभतो.

*

टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरणारे वाढले आहेत. बत्तीस इंची एचडी-रेडी टीव्ही, इंचाला ४९, आणि बसायचे दोन फुटांवर. सिंधुदुर्गचे काय होते ते बघण्यासारखे असते. शिवाय दोन गोष्टी: एक, टीव्ही चित्राच्या कडा कापतो, खालची पट्टी अर्धी गायब होते, रिमोटवर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असे काहीतरी शोधावे. दोन, लाल अक्षर निळ्यावर वाचता येत नाही, कारण टीव्ही रंगाची माहिती निम्मी करून घेतो. त्या एचडीएमआयच्या तोंडाला सेटिंगमध्ये ‘पीसी’ नाव दिले की बरेच टीव्ही ते थांबवतात.

*

ट्रॉलरवाल्याचा हिशेबनीस. एक्सेलमध्ये खलाशांची हजेरी नि उचल, महिन्याचे एकतीस रकाने, डावीकडे नावे. एक्सेलचा रकाना आपसूक ६४ पिक्सेलांचा असतो. बत्तीस रकान्यांना २०४८. त्याच्या १३६६च्या पडद्यावर विसावी तारीखही दिसत नाही, सारखा उजवीकडे सरकतो आणि सरकला की कुणाची ओळ ते विसरतो. याला रुंदी हवी. २५६० मध्ये महिना बसतो आणि बेरजेलाही जागा उरते. अक्षराच्या रेखीवपणाचे त्याला सोयरसुतक नाही, आकडेच आहेत. ३ आणि ८ वेगळे दिसले की झाले.

स्कूबावाल्या पोरांना मात्र बारकावा हवा. पाण्याखाली फोर-केत चित्रीकरण करतात आणि १३६६च्या लॅपटॉपवर बघून ठरवतात की फोकस बरोबर आहे. त्या पडद्यावर चित्राचा जेमतेम आठवा हिस्सा ठिपके आहेत. शंभर टक्के झूम करून माशाच्या डोळ्यावर जाऊन बघा, एवढेच सांगतो.

*

कट्ट्यावरचा छापखाना. पत्रिका, पावती पुस्तके, दशावताराची हँडबिले. मालकाला मॉनिटर घ्यायचाय. २३.८ इंची पडद्याची उंची २९.६ सेंमी, ए-फोर कागदाची २९.७. म्हणजे खऱ्या आकारात पान ठेवले तर मेनूलाही जागा नाही. सत्तावीस इंचाची उंची ३३.६, पान बसते, वर अवजारांची पट्टीही. तेव्हा सत्तावीस इंची, २५६०×१४४०, स्केल शंभर.

“फोर-के कित्याक नको?”

त्याचे सगळे काम पेजमेकरमध्ये. शेवटची आवृत्ती ७.०, २००१ची, स्केल म्हणजे काय हे त्या प्रोग्रामला ठाऊक नाही. फोर-केवर १५० टक्के ठेवले की विंडोज त्याची खिडकी चित्रासारखी ताणते, सगळे पुसट. शंभर ठेवले तर बटणे मुंगीएवढी. इनडिझाइन आणि युनिकोडकडे जाणार असशील तर फोर-के जरूर घे, म्हटले. त्याच्याकडे जुन्या फॉन्टात केलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली आहेत, गिऱ्हाईक येते आणि “थोरल्याची केलंस तशीच” म्हणते. पेजमेकर सुटणार नाही.

मग १४४०च. केबल डिस्प्लेपोर्टची. जुना साडेअठरा इंची टाकू नको, शेजारी ठेव; व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर त्याच्यावर उघडा राहील.